उत्तरसूची नसलेला तास: माध्यमिक शाळेतील चित्रकला, व्यक्तिविकास आणि नेतृत्व

महाराष्ट्रातील माध्यमिक शाळांच्या वेळापत्रकात चित्रकलेच्या वाट्याला आठवड्यातून जेमतेम एक-दोन तास येतात, आणि परीक्षा जवळ आल्या की तेही गणिताचा किंवा विज्ञानाचा राहिलेला भाग पूर्ण करण्यासाठी मागून घेतले जातात. ही देवघेव इतकी रूढ झाली आहे की तिच्यामागे एक ठाम मत उभे आहे, याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. ते मत असे की, चित्रकला हा उपजत देणगीचा विषय आहे. ज्याला ती देणगी लाभली आहे तो तासाविनाही चित्र काढील आणि ज्याला ती नाही त्याला तास देऊन काही साधणार नाही. प्रस्तुत ग्रंथाची मांडणी या मताच्या नेमकी विरुद्ध आहे. आठवी ते दहावीच्या वर्षांत, म्हणजे साधारणपणे तेरा ते सोळा या वयात, चित्रकलेचा तास हा शाळेच्या दिवसातील बहुधा असा एकमेव तास असतो, ज्यात तयार उत्तर कोठेही लिहून ठेवलेले नसते आणि तरीही विद्यार्थ्याला क्षणोक्षणी काही ना काही ठरवावे लागते. असे ठरवण्याची, ठरवलेले इतरांसमोर मांडण्याची आणि त्याची जबाबदारी स्वीकारण्याची जी सवय या तासाला लागू शकते, तिच्यातूनच व्यक्तिविकास घडतो आणि पुढे नेतृत्वाची पात्रता येते, ही या ग्रंथाची मुख्य भूमिका आहे.

येथे वापरलेले दोन शब्द सैलपणे वापरले जातात, म्हणून त्यांचा अर्थ आरंभीच निश्चित करणे इष्ट ठरेल. ‘व्यक्तिविकास’ म्हणजे सभाधीटपणा किंवा नीटनेटके बोलणे-वागणे नव्हे. स्वतःला काय दिसते, काय वाटते आणि काय जमत नाही हे ओळखून, त्या ओळखीच्या आधारे स्वतःच्या कामात बदल करता येणे, एवढाच अर्थ येथे अभिप्रेत आहे. ‘नेतृत्व’ हा शब्दही वर्गप्रमुखपद किंवा व्यासपीठावरील भाषण या अर्थाने घेतलेला नाही. अजून अस्तित्वात नसलेली गोष्ट स्वतः आधी पाहणे, ती इतरांना दिसेल अशा रूपात मांडणे, आणि त्यांच्या हातांना त्या कामात जागा करून देणे, या तीन क्रियांना मिळून येथे नेतृत्व म्हटले आहे. या अर्थाने पाहिले तर वर्गात कधीही हात वर न करणारा, मागच्या बाकावरचा अबोल विद्यार्थीही नेतृत्व करू शकतो, आणि ते प्रथम दिसते ते पुष्कळदा चित्रकलेच्या खोलीत.

हा विचार हायस्कूलच्याच वयाशी जोडण्याचे कारण मानसशास्त्रीय आहे. बालचित्रांचे अभ्यासक व्हिक्टर लोवेनफेल्ड यांनी १९४७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘क्रिएटिव्ह अँड मेंटल ग्रोथ’ या ग्रंथात मुलांच्या चित्रांचे वयानुसार टप्पे मांडले. लहान मूल आपल्या मनातले काढते. घरापेक्षा आई मोठी, सूर्याला डोळे, नदी उभी, याची त्याला अडचण वाटत नाही, कारण कागदावरचे चित्र आणि बाहेरचे जग यांची तुलना करण्याची त्याला गरजच भासत नाही. बाराव्या वर्षाच्या आसपास ही स्थिती पालटते. मुलाचे डोळे चिकित्सक होतात, हात मात्र तितके तयार झालेले नसतात, आणि आपण काढलेला हात हातासारखा दिसत नाही हे त्याचे त्यालाच स्पष्ट कळू लागते. चित्र काढणे सोडून देणाऱ्या मुलांपैकी बहुसंख्य मुले याच वळणावर थांबतात, आणि ‘मला चित्र येत नाही’ हे वाक्य त्यानंतर आयुष्यभर वापरले जाते. प्रौढ माणसे अत्यंत सहजतेने हे वाक्य उच्चारतात, परंतु त्यामागे तेराव्या वर्षी झालेला एक खरा पराभव असतो, याची दखल शिक्षणशास्त्राने अधिक गांभीर्याने घ्यायला हवी. स्वतःच्या कामातील उणीव दिसणे ही वाढीची खूण आहे. ती दिसताच काम सोडून देणे ही त्या वाढीची हानी आहे. या दोहोंच्या मध्ये उभा राहणारा माणूस म्हणजे माध्यमिक शाळेतील चित्रकला शिक्षक. उणीव दिसणाऱ्या डोळ्याला तो मोजमाप देतो, पद्धत देतो आणि दुसऱ्यांदा प्रयत्न करण्यासाठी कागद देतो.

ही पद्धत प्रत्यक्षात कशी असते, हे पाहण्यासाठी ‘वस्तुचित्र’ या सर्वांत साध्या, आणि म्हणून सर्वांत दुर्लक्षित, अभ्यासाकडे वळावे लागते. वस्तुचित्र म्हणजे समोर मांडलेल्या वस्तूंचे पाहून काढलेले चित्र. खोलीच्या मध्यभागी स्टुलावर एक तांब्या, एक वीट, दोन कांदे आणि मागे पडदा अशी मांडणी केली जाते आणि विद्यार्थी भोवती अर्धवर्तुळात बसतात. पेन्सिल हातात धरून, हात कोपरात न वाकवता, एक डोळा मिटून तांब्याची उंची रुंदीच्या किती पट आहे हे मोजले जाते. दृष्टिरेषा, म्हणजे पाहणाऱ्याच्या डोळ्यांच्या पातळीतील काल्पनिक आडवी रेषा, वस्तूच्या वर आहे की खाली, यावर तांब्याचे तोंड किती उघडे दिसेल हे ठरते. तांब्याचे तोंड गोल असल्याचे ज्ञान विद्यार्थ्याला असते, आणि त्या ज्ञानापायी तो ते पूर्ण गोल काढू पाहतो. दिसत मात्र ते लंबगोल असते. माहीत असणे आणि दिसणे यांतील हा संघर्ष वस्तुचित्राच्या पहिल्या अर्ध्या तासात प्रत्येक विद्यार्थ्याच्या वाट्याला येतो. जे माहीत आहे असे वाटते ते बाजूला ठेवून जे समोर आहे त्याच्याकडे पाहण्याची शिस्त त्याला तेथे लागते, आणि ही शिस्त प्रयोगशाळेत, न्यायालयात किंवा ग्रामसभेतही तितकीच उपयोगी पडते.

परंतु वस्तुचित्राचा खरा धडा बैठकीच्या रचनेत आहे. अर्धवर्तुळात बसलेल्या तीस विद्यार्थ्यांपैकी प्रत्येकाला तीच मांडणी वेगळी दिसते. एकाला विटेची रुंद बाजू दिसते, दुसऱ्याला तिची केवळ कड. एकाच्या दृष्टीने कांदा तांब्यापुढे आहे, दुसऱ्याच्या दृष्टीने तांब्यामागे लपलेला आहे. त्यामुळे तीस चित्रे एकमेकांहून भिन्न येतात आणि ती सर्व बरोबर असू शकतात. तरीही ‘कसेही काढले तरी चालते’ असा निष्कर्ष त्यातून निघत नाही, कारण प्रत्येक चित्र त्या-त्या जागेवरून तपासता येते. शिक्षक विद्यार्थ्याच्या पाठीशी येऊन, त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर वाकून पाहतो आणि मगच बोलतो. भिन्न दिसणे आणि चुकणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, दुसऱ्याचे चित्र तपासायचे तर आधी त्याच्या जागी बसावे लागते, हे शिकवणारा दुसरा इतका स्पष्ट पाठ शालेय अभ्यासक्रमात सापडणे कठीण आहे. पुढे माणसांचे गट सांभाळताना, त्यांच्यातील मतभेद ऐकून घेताना ज्या क्षमतेची गरज भासते, ती येथे शब्दांवाचून, केवळ बसण्याच्या जागेतून मुलांच्या अंगवळणी पडते.

‘स्मरणचित्र’ आणि ‘संकल्पचित्र’ या दोन अभ्यासांत निर्णयाचे स्वरूप आणखी बदलते. स्मरणचित्रात बाजार, मिरवणूक, बसस्थानक यांसारखा एखादा विषय देऊन प्रत्यक्ष दृश्य समोर नसताना चित्र काढायचे असते. येथे विद्यार्थ्याला संयोजन करावे लागते, म्हणजे कागदाच्या चौकटीत कोणती आकृती कोठे, किती मोठी आणि कोणाकडे पाहणारी असावी, हे ठरवावे लागते. भाजीवालीला मध्यभागी ठेवले की पिशवी घेऊन उभा असलेला म्हातारा कडेला जातो. सर्वांनाच मध्यभागी आणायचा प्रयत्न केला तर चित्रात काहीच दिसेनासे होते. महत्त्व देण्यासाठी काहीतरी वगळावे लागते, आणि काय वगळले याचे उत्तर स्वतःला द्यावे लागते, ही जाणीव विद्यार्थ्याला येथे प्रथम होते. संकल्पचित्रात चौरस किंवा वर्तुळ यांसारख्या ठरावीक आकारात पाने, फुले, भौमितिक आकार यांची पुनरावृत्ती करून नक्षी रचायची असते. त्यात मोजक्या रंगांत समतोल साधण्याची, म्हणजे मर्यादा मान्य करून तिच्या आत मोकळे होण्याची तयारी होते. भूमिती आणि अक्षरलेखन हा भाग बहुतेकांना कोरडा वाटतो. तथापि देवनागरी अक्षराची शिरोरेषा, गाठ आणि कान्यांमधील अंतर हातात भिनले म्हणजे काय घडू शकते, याची साक्ष मराठी नाटकांच्या जाहिरातींतील कमल शेडगे यांची अक्षरे आणि संगणकावरील ‘मंगल’ या लिपिसंचाचे रचनाकार र. कृ. जोशी यांचे काम देते.

कलाशिक्षणाच्या समर्थनासाठी एक युक्तिवाद वारंवार केला जातो आणि तो येथे जाणीवपूर्वक टाळला आहे. चित्र काढल्याने गणित सुधारते, कलेमुळे परीक्षेतील गुण वाढतात, असे पालकांना सांगितले जाते. एलन विनर आणि लोइस हेटलंड यांनी २००० साली या विषयावरील उपलब्ध संशोधनाचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा दृश्यकलांच्या अभ्यासामुळे इतर विषयांतील यश वाढते असा कार्यकारणसंबंध त्यांना प्रस्थापित झालेला आढळला नाही. या निष्कर्षाने कलाशिक्षणाच्या समर्थकांपैकी अनेक जण दुखावले गेले. परंतु त्याच अभ्यासकांनी पुढे प्रत्यक्ष हायस्कूलच्या कलावर्गांचे बारकाईने निरीक्षण करून २००७ साली ‘स्टुडिओ थिंकिंग’ हा ग्रंथ सहकाऱ्यांसह सिद्ध केला आणि कलेचा वर्ग कोणत्या मानसिक सवयी लावतो, याची मांडणी केली. साधनांवर प्रभुत्व मिळवणे, एका कामात टिकून राहणे, समोर नसलेले मनात पाहणे, अर्थ व्यक्त करणे, निरखणे, केलेल्या कामाचा विचार करून त्याविषयी बोलणे, ज्ञात मर्यादेच्या पुढे जाऊन पाहणे आणि कलाजगताची जाण येणे, अशा आठ सवयी त्यांनी नोंदवल्या. कलेचे मोल दुसऱ्या विषयाच्या गुणपत्रिकेत शोधणे म्हणजे तिला कायमचे मिंधे करणे होय. गणिताचा तास मराठीचे गुण वाढवतो का, हा प्रश्न कोणी विचारत नाही, मग तो चित्रकलेलाच विचारण्याचे प्रयोजन नाही.

या सवयींपैकी केलेल्या कामाविषयी बोलण्याची सवय महाराष्ट्रातील शाळांत सर्वांत कमी लावली जाते. चित्र पूर्ण झाल्यावर कागद जमा होतात, लाल शाईने श्रेणी लिहिली जाते आणि ते परत मिळतात किंवा कपाटात राहतात. याऐवजी सर्व चित्रे भिंतीवर ओळीने लावून, प्रत्येकाने आपण काय करू पाहत होतो आणि ते कोठे साधले नाही हे सांगायचे, इतरांनी ‘छान’ किंवा ‘वाईट’ हे शब्द न वापरता काय दिसते तेवढेच बोलायचे, अशी चर्चा घेतली जाऊ शकते. ‘या बाजूची सावली जड झाल्यामुळे भांडे कलल्यासारखे दिसते’ हे वाक्य चौदा वर्षांच्या मुलीने दुसऱ्या मुलाच्या चित्राविषयी, त्याला न दुखावता आणि तरीही खरे तेच, बोलून दाखवणे ही लहान गोष्ट नाही. टीका करणे आणि अपमान करणे यांतील सीमा या वयात पुसट असते. चित्र भिंतीवर आणि चित्रकार बाजूला उभा, या रचनेमुळे ती सीमा डोळ्यांना दिसते. अशी चर्चा घेण्यासाठी महागडी साधने लागत नाहीत. भिंत, दोरी, चिमटे आणि अर्धा तास एवढे पुरते.

मग हे सर्व असे असूनही चित्रकलेचा तास दुर्बल का राहिला, या प्रश्नाचे उत्तर इतिहासात शोधावे लागते. मुंबईत सर जमशेटजी जिजीभाई यांच्या एक लाख रुपयांच्या देणगीतून १८५७ साली कलाशाळेचे वर्ग सुरू झाले, तेव्हा तिच्यापुढील आदर्श लंडनमधील साउथ केन्सिंग्टन येथील कलाशिक्षणपद्धतीचा होता. ही पद्धत हेन्री कोल आणि रिचर्ड रेडग्रेव्ह यांनी घडवली होती. तिचा अभ्यासक्रम तेवीस पायऱ्यांत विभागलेला होता आणि सरळ रेषा, भौमितिक आकार, अलंकरणाचे नमुने यांची अचूक नक्कल हा तिचा पाया होता. कारखान्यांतील मालाला चांगली नक्षी देणारे कारागीर घडवणे हा तिचा हेतू असल्यामुळे विद्यार्थ्याला स्वतःला काय दिसते, याला तिच्यात फारसे स्थान नव्हते. तथापि या संस्थेचा इतिहास तेवढ्यावर संपत नाही. जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ ते १८८५ या काळात विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करवल्या, आणि त्या चमूत पेस्तनजी बोमनजी यांच्यासारखे विद्यार्थी घडले. लेण्यांतील अपुऱ्या उजेडात, हंगामामागून हंगाम, एकाच भिंतीवर अनेकांनी मिळून केलेले ते काम नक्कल म्हणूनच सुरू झाले होते. परंतु आपल्याच भूमीतील महान चित्रपरंपरेशी समोरासमोर गाठ पडल्यामुळे त्याला नकलेपलीकडचा अर्थ प्राप्त झाला.

शासकीय रेखाकला परीक्षा, म्हणजे घराघरांत ‘एलिमेंटरी’ आणि ‘इंटरमिजिएट’ या नावांनी परिचित असलेल्या ग्रेड परीक्षा, याच जुन्या श्रेणीपद्धतीच्या वंशातील आहेत. १९६५ साली स्थापन झालेले कला संचालनालय त्या घेते, आणि राज्याच्या कानाकोपऱ्यांतील लाखो विद्यार्थी त्यांना बसतात. या परीक्षांविषयी कलाक्षेत्रात तुच्छतेने बोलण्याची प्रथा आहे, ती अन्यायकारक आहे. गडचिरोलीतील आणि गिरगावातील विद्यार्थ्यापुढे एकाच प्रतीचा प्रश्न ठेवणारी, पालकांना ड्रॉइंग बोर्ड आणि रंगपेटी विकत घ्यायला लावणारी, आणि शाळेत चित्रकला शिक्षकाचे अस्तित्व टिकवून धरणारी ही व्यवस्था नसती, तर ग्रामीण महाराष्ट्रातील कलाशिक्षण कधीच लुप्त झाले असते. तिचा दोष वेगळा आहे. इंटरमिजिएट परीक्षेतील श्रेणीनुसार दहावीच्या निकालात अ श्रेणीला ७, ब श्रेणीला ५ आणि क श्रेणीला ३ असे वाढीव गुण मिळू लागल्यापासून परीक्षेची तयारी शिकवणीवर्गांच्या हाती गेली. स्मरणचित्राचे आठ-दहा साचे पाठ करून घ्यायचे आणि विषय कोणताही आला तरी तेच झाड, तीच झोपडी, पाठमोरी तीच बाई बसवायची, अशी रीत पडली. ज्या अभ्यासाचे सारे मोल निर्णयात आहे, त्यातील निर्णय अशा रीतीने दुसऱ्यानेच घेऊन टाकलेला असतो. गुण मिळतात, हातही थोडाफार वळतो, परंतु ज्या शिक्षणाचा येथे विचार चालला आहे ते घडत नाही.

या परंपरेला समांतर अशी दुसरी परंपरा भारतात होती आणि तिचे एक प्रमुख केंद्र महाराष्ट्रातच होते. रवींद्रनाथ ठाकुरांनी शांतिनिकेतनात १९१९ साली कलाभवन सुरू केले आणि नंदलाल बोस यांच्या हाती ते फुलले. गावातील भिंती, उत्सव, झाडे आणि हातमाग यांच्या सान्निध्यात कला शिकवण्याचा तो प्रयोग होता. वर्धा येथे ऑक्टोबर १९३७ मध्ये भरलेल्या शिक्षण परिषदेतून महात्मा गांधींची नई तालीम, म्हणजे उत्पादक हस्तोद्योगाला केंद्रस्थानी ठेवणारी शिक्षणपद्धती, आकाराला आली. आणि आर्यनायकम् दांपत्याच्या मार्गदर्शनाखालील सेवाग्रामच्या शाळेत १९४४ साली कलाभवनाचे विद्यार्थी देवी प्रसाद कलाशिक्षक म्हणून आले. या दोन विचारधारांचा संगम त्यांच्या वर्गात झाला. मुलांनी प्रौढांच्या चित्रांची नक्कल करू नये, मातीचे भांडे, सुतकताई, सजावट आणि चित्र यांत भिंती नसाव्यात, आणि कला हा शिक्षणातील एक विषय न राहता शिक्षणाचे वाहन व्हावी, असा त्यांचा आग्रह होता. पुढे ‘आर्ट: द बेसिस ऑफ एज्युकेशन’ या ग्रंथात त्यांनी हा अनुभव मांडला. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने त्यांच्या आयुष्याचा उत्तरार्धही तितकाच बोलका आहे: १९६२ नंतर ते लंडनमधील ‘वॉर रेझिस्टर्स इंटरनॅशनल’ या युद्धविरोधी संघटनेचे सरचिटणीस झाले. मुलांच्या चित्रांपाशी बसून ऐकण्याची सवय असलेल्या कुंभार-शिक्षकाला अनेक देशांतील शांतताकार्यकर्त्यांचे नेतृत्व करता आले, ही घटना अपघाती मानण्याचे कारण दिसत नाही. हिंसा ही कल्पनाशक्तीच्या उपासमारीतून बळावते, अशी त्यांची धारणा होती, आणि तिच्याशी पूर्ण सहमत न होणाऱ्यालाही तिची दखल घ्यावी लागते.

नेतृत्वाचा विचार मराठी मातीतील उदाहरणाने अधिक स्पष्ट होतो. धुंडिराज गोविंद फाळके यांनी १८८५ साली, वयाच्या पंधराव्या वर्षी, जे. जे. कलाशाळेत प्रवेश घेतला आणि पुढे बडोद्याच्या कलाभवनात शिक्षण घेतले. चित्रकला, मूर्तिकाम, छायाचित्रण, ठसे तयार करणे आणि छपाई या सर्व विद्या त्यांच्या हातात होत्या. १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आला तेव्हा त्यांच्याभोवती उभी असलेली माणसे या व्यवसायाला सर्वस्वी नवखी होती, कारण तो व्यवसायच या देशात नव्हता. त्र्यंबक तेलंगांना कॅमेरा, सरस्वतीबाईंना फिल्मला छिद्रे पाडणे आणि ती धुणे, साळुंके यांना तारामतीची भूमिका, असे प्रत्येकाला त्याचे काम समजावून द्यावे लागले. कोणालाही न दिसलेली गोष्ट आधी स्वतः पाहणे आणि मग ती इतरांच्या हातांत उतरवणे, ही जी व्याख्या वर दिली आहे, तिचे याहून समर्पक उदाहरण शोधावे लागणार नाही. अर्थात प्रत्येक कलावर्गातून फाळके निर्माण होणार नाहीत, आणि तशी अपेक्षा करणे हे मुलांवर अन्याय करणारे ठरेल. शाळेच्या आवाक्यातील रूप साधे आहे. स्नेहसंमेलनाचे नेपथ्य, हस्तलिखिताचे मुखपृष्ठ, प्रवेशद्वाराजवळच्या फळ्यावरचे खडूचे चित्र, या कामांत कोणीतरी कच्चे रेखाटन करून दाखवतो, कोणी मोजमाप काढतो, कोणी पुठ्ठा कापतो, आणि पडदा उघडण्याची वेळ ठरलेली असल्यामुळे ‘नंतर पाहू’ म्हणता येत नाही. साहित्य अपुरे पडते, रंग सांडतो, ज्याच्यावर भिस्त होती तो आजारी पडतो. अशा वेळी कच्च्या रेखाटनात कोणता बदल केला म्हणजे काम तडीस जाईल हे ज्याला दिसते, त्याच्याकडे इतर मुले आपोआप पाहू लागतात. मात्र हे काम शिक्षकांनी किंवा बाहेरच्या सजावटकाराने करून टाकले, जसे अलीकडे अनेक शाळांत होते, तर मुलांच्या वाट्याला केवळ टाळ्या येतात.

वर्गातील नेतृत्व कोणाकडे जाते, याला सामाजिक बाजूही आहे आणि ती या विषयात विशेष महत्त्वाची आहे. भाषा, गणित आणि इंग्रजी यांवर उभ्या असलेल्या वर्गात ज्यांच्या घरी पुस्तके आहेत तीच मुले सहसा पुढे राहतात. पालघर जिल्ह्यातील वारली वस्तीतून आलेल्या मुलीच्या घरी मात्र लग्नाच्या वेळी चौक लिहिण्याचे, म्हणजे भिंतीवर तांदळाच्या पिठाने देवचौक रेखण्याचे, ज्ञान पिढ्यान्‌पिढ्या स्त्रियांकडे आहे. सिंधुदुर्गातील पिंगुळीच्या ठाकर आदिवासी मुलाच्या घरी चित्रकथीच्या पोथ्या आणि कळसूत्री बाहुल्या आहेत. जिव्या सोमा म्हसे यांना २०११ साली आणि परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली, त्यामुळे या परंपरांचा राष्ट्रीय पातळीवर सन्मान झाला. शाळेत मात्र वारली चित्र हे बहुधा पिशवीवर, भेटकार्डावर काढण्याच्या नक्षीपुरते उरते आणि ते शिकवणाऱ्या वर्गातील वारली मुलीला त्याविषयी काहीही विचारले जात नाही. त्रिकोणांची माणसे काढणे सर्वांना येते. तारपा वाजवणाऱ्याभोवतीचे वर्तुळ का उघडे राहते, चौकात कोणती देवी असते, ते कोण लिहू शकते, हे मात्र तिला किंवा तिच्या आजीला माहीत असते. त्या मुलीला वर्गापुढे उभे करून हे सांगण्याची संधी देणे, आणि सांगायचे नसेल तर तिचा नकारही मानणे, यातून तिच्यात जी आत्मप्रतिष्ठा येते आणि इतरांच्या दृष्टीत जो बदल घडतो, तो कोणत्याही व्यक्तिमत्त्व-विकास शिबिरातून येणार नाही.

धोरणाच्या पातळीवर शब्दांची उणीव नाही. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने दहावीपर्यंत कला हा अनिवार्य विषय असावा, असे सुचवले. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने सहावी ते आठवीच्या वर्गांत शंभराहून अधिक मुले असलेल्या शाळेत कला, क्रीडा आणि कार्यशिक्षण यांसाठी अंशकालीन निदेशकांची तरतूद केली. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने कला आणि विज्ञान, अभ्यासक्रमातील आणि अभ्यासेतर विषय यांतील कठोर भेद नाकारला. इतर विषय कलेच्या माध्यमातून शिकवण्याच्या कल्पनेला, म्हणजे कला-एकात्मिक शिक्षणाला, या धोरणात मोठे स्थान आहे. ही कल्पना स्वागतार्ह असली तरी तिच्यात एक धोका आहे: इतिहासाच्या तासाला किल्ल्याचे चित्र काढून घेतले म्हणजे कलेचा तास झाला, असे मानले गेले, तर स्वतंत्र चित्रकला शिक्षकाची गरजच उरत नाही. अंशकालीन मानधनावर, एकाच आठवड्यात अनेक वर्ग सांभाळणाऱ्या शिक्षकाकडून प्रत्येक विद्यार्थ्याच्या पाठीशी वाकून त्याच्या जागेवरून पाहण्याची अपेक्षा करता येत नाही. चित्रकला शिक्षक होण्यासाठी कलाशिक्षक पदविका हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम पूर्ण करून बाहेर पडणाऱ्या तरुणांपैकी अनेकांना कायम पद मिळत नाही आणि ते जाहिरातीच्या किंवा छपाईच्या कामाकडे वळतात. त्यांच्याबरोबर शाळेतून जे जाते त्याची नोंद कोणत्याही तपासणी अहवालात होत नाही.

ग्रामीण भागातील गुणी मुलाला ओळखणारा डोळा शाळेत नसेल तर काय होते, याचे उत्तर विनायक पांडुरंग करमरकर यांच्या चरित्रात उलट बाजूने मिळते. अलिबागजवळच्या सासवणे गावात मंदिराच्या भिंतीवर त्यांनी काढलेले शिवाजी महाराजांचे चित्र तेव्हाचे जिल्हाधिकारी ऑटो रॉथफील्ड यांच्या नजरेस पडले आणि त्यांच्या साहाय्याने हा मुलगा मुंबईच्या कलाशाळेत पोहोचला. पुढे १९२८ साली पुण्यात उभा राहिलेला शिवछत्रपतींचा अश्वारूढ पुतळा त्याच्या हातून घडला. ही कथा शाळांत कौतुकाने सांगितली जाते. तिच्यातील अस्वस्थ करणारी बाजू ही की, एका मुलाचे भवितव्य एखादा अधिकारी त्या वाटेने जाण्यावर अवलंबून राहिले. प्रत्येक माध्यमिक शाळेत पूर्णवेळ चित्रकला शिक्षक असण्याचा आग्रह धरला जातो तो या योगायोगावरचे अवलंबित्व संपवण्यासाठी, आणि शिल्पकार होणाऱ्या एका मुलासाठी जेवढा, तेवढाच शिल्पकार न होणाऱ्या उरलेल्या सर्व मुलांसाठी.

या ग्रंथाची व्याप्ती जाणीवपूर्वक मर्यादित ठेवली आहे. संगीत, नाट्य आणि नृत्य यांचेही शालेय जीवनातील स्थान मोठे आहे, आणि बालनाट्याच्या चळवळीचा महाराष्ट्रातील इतिहास तर स्वतंत्र ग्रंथाचा विषय आहे. तथापि सादरीकरणाच्या कलांत निर्णय समूहात आणि काळाच्या ओघात घेतले जातात, तर चित्रात ते कागदावर जसेच्या तसे उमटून राहतात आणि म्हणून परत परत तपासता येतात, हा फरक लक्षात घेऊन येथे केवळ दृश्यकलांचा विचार केला आहे. विवेचनात वापरलेल्या पारिभाषिक संज्ञा शक्य तेथे शाळेत प्रत्यक्ष बोलल्या जाणाऱ्या रूपातच ठेवल्या आहेत, कारण हा ग्रंथ अभ्यासकांइतकाच मुख्याध्यापक, शाळेचे संस्थाचालक आणि पालक यांच्यासाठीही आहे. वेळापत्रकात चित्रकलेचे सलग दोन तास जोडून द्यावेत की निरनिराळ्या दिवशी एकेक द्यावा, हा प्रश्न त्यांच्यापुढे दर जून महिन्यात येतो. मांडणी लावणे, कागद ताणून बसवणे, पहिले मोजमाप यांतच वीस मिनिटे जातात आणि पस्तीस मिनिटांच्या तासाला घंटा होते, तेव्हा छायाप्रकाशाचे काम नेमके सुरू झालेले असते. त्यामुळे जोडतासाची शिफारस येथे निःसंदिग्धपणे केली आहे, आणि वर्गसंख्या, खोलीतील उजेड व साहित्याचा खर्च यांच्या हिशेबासह तिची अंमलबजावणी कशी करता येईल, याचे विवेचन पहिल्याच प्रकरणात आले आहे.